वाइनचा ग्लास हातात आला की: बेळगावकडच्या घरगुती बैठकीसाठी चाखण्याची रीत

टिळकवाडीत एका मित्राच्या वडिलांच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. मे महिना, गच्चीवर मांडव, संध्याकाळचे सात वाजले तरी फरशी पायाला पोळत होती. पुण्याच्या जावयानं शिराझच्या चार बाटल्या आणल्या होत्या आणि त्या दुपारपासून गाडीच्या डिकीतच होत्या. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक मामा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी सवयीनं साठचा पेग मोजला, सोडा ओतला, बर्फाचे दोन खडे टाकले आणि एका दमात निम्मा ग्लास रिकामा केला. "कसलं रे हे? खोकल्याचं औषध बरं," असं म्हणून ते आपल्या रमकडे वळले.

मला फार चुटपुट लागली. बाटलीत काही वाईट नव्हतं. न उघडलेली एक बाटली मी खाली नेली, बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-बारा मिनिटं ठेवली आणि मामांना स्वच्छ ग्लासात दोन बोटं दिली, सोड्याशिवाय. म्हटलं, "मामा, आधी नुसता वास घ्या." त्यांनी घेतला, परत घेतला, आणि म्हणाले, "मिरी हाय की रे ह्यात!"

होय, मिरीच. शिराझच्या द्राक्षात रोटंडोन नावाचा घटक असतो आणि काळ्या मिरीचा झणझणीत वासही त्याच घटकाचा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. मामांच्या नाकाला ते अर्ध्या मिनिटात कळलं, कारण मिरीचा वास त्यांना लहानपणापासून ठाऊक होता.

आपल्याकडे साखरपुड्याच्या संध्याकाळी, एकतीस डिसेंबरला, गोव्यातल्या रिसेप्शनला, बंगळूरहून आलेल्या भाच्याच्या हट्टाखातर वाइनची बाटली आता टेबलावर दिसते. पण ती प्यायची कशी हे कुणी सांगत नाही, आणि मग माणसं एक तर ती पेगसारखी ढोसतात किंवा आपल्याला काही कळत नाही म्हणून संकोचून बसतात. माझं म्हणणं एवढंच आहे: वाइन चाखायला लागणारी जीभ आणि लागणारे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस आपण शाळेत जायच्या आधी शिकतो. वाइनमध्ये सगळे ज्याला अडखळतात ते टॅनिन म्हणजे तुरटपणा. कच्चं केळं, सुपारी, अर्धवट पिकलेलं जांभूळ खाल्लेल्या माणसाला आणखी काय समजावून सांगायचं?

बाटली घेताना

आपल्या गावात दुकानाच्या पाटीवर 'वाइन्स' लिहिलेलं असतं आणि आत वाइन सगळ्यात वरच्या, धुळीच्या फळीवर असते. तिथेच पहिली चूक होते. दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हात किंवा दिव्याच्या झोतात उभी असलेली बाटली घेऊ नका. वाइनला उष्णता आणि उजेड सोसत नाहीत. मालकाला आतल्या खोक्यातली बाटली काढायला सांगा. ओळखीचा माणूस असेल तर कुरकुर न करता देतो. बूच वर फुगून आलं असेल किंवा बुचाच्या कडेनं चिकट ओघळ आला असेल तर बाटली परत ठेवा.

मग लेबलावरचं साल बघा. "वाइन जितकी जुनी तितकी चांगली" हे आपल्याकडे सगळे छातीठोकपणे सांगतात. मोजक्या, मुरण्यासाठीच केलेल्या वाइनपुरतं ते खरं आहे. आपल्या बजेटमधली भारतीय पांढरी वाइन एक-दोन वर्षांत आणि साधी लाल तीन-चार वर्षांत पिऊन टाकावी. माळ्यावर दहा वर्षं जपून ठेवलेली भेटीची बाटली उघडताना मी दोनदा पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा ती मोरीत ओतावी लागली. फिरकीचं झाकण असलेली बाटली हलकी समजू नका. ताजी प्यायच्या वाइनला ते झाकण उलट चांगलं.

'ड्राय' म्हणजे गोड नसलेली, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा घेणाऱ्या मंडळींसाठी मी शेनिन ब्लांक सुचवतो. हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातलं, पण नाशिककडे छान रुळलंय. त्याची वाइन हलकी असते, फळांच्या वासाची असते आणि बऱ्याचदा किंचित गोडसर असते. ज्यांना आंबट आवडतं, पन्हं कमी साखरेचं लागतं, त्यांच्यासाठी सोव्हिन्यों ब्लांक. लालमध्ये शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों. सुरुवातीला नाशिकची सुला, बंगळूरजवळ नंदी हिल्सची ग्रोव्हर किंवा अकलूजची फ्रातेल्ली यांच्या साध्या बाटल्या पुरे आहेत. महागडी परदेशी बाटली घाईनं घेऊ नका. ती कुठल्या उन्हातून, कुठल्या गोदामातून आली हे तुम्हाला कळत नाही.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात: अथणी-विजयपूरच्या पट्ट्यात एवढी द्राक्षं पिकतात, मग वाइन नाशिकची का? आपल्याकडे बहुतेक थॉमसन आणि तिच्यापासून निघालेले वाण आहेत, खायचे आणि बेदाण्याचे. मोठा मणी, पातळ साल, बी नाही. वाइनचं द्राक्ष याच्या उलट असतं: मणी बारीक, साल जाड आणि आत बी. लाल वाइनला रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बी यांतून. मळ्यातली कामं मात्र सारखीच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसानंतर गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. ज्यांचा स्वतःचा मळा आहे ते गोडी-आंबटपणाचा मेळ आमच्यापेक्षा कितीतरी नेमका ओळखतात. कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला घरी केलेली द्राक्षाची वाइन मिळते, ती बहुधा खायच्या द्राक्षांची आणि भरपूर साखरेची असते. ती प्रेमानं घ्यावी, पण तिच्या गोडीची सवय घेऊन ड्राय लाल वाइनकडे गेलात तर ती हमखास कडू लागणार.

किती थंड, हेच अर्धं काम

"लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी" हे वाक्य युरोपातल्या दगडी, गार घरांतून आलंय. त्या खोलीचं तापमान म्हणजे १५ ते १८ अंश. बेळगाव अडीच हजार फुटांवर असलं तरी एप्रिल-मेमध्ये पारा ३५ च्या पुढे जातो, आणि घरातही २८-३० अंश असतात. त्या तापमानाला लाल वाइन दिली की अल्कोहोलचा वास आधी नाकात घुसतो, फळाचा वास दबतो आणि घशाशी नुसता जाळ. मामांचं खोकल्याचं औषध ते हेच.

म्हणून लाल बाटली द्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये. पांढरी आणि गुलाबी फ्रीजमध्ये तीन तास, पण ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढायची. पांढरीला ८ ते १२ अंश हवेत आणि फ्रीज त्याहून गार असतो. फार गार वाइनचा वासच येत नाही, फक्त आंबट पाणी प्यायल्यासारखं वाटतं. फेसाळ वाइन मात्र चांगली गार, ६ ते ८ अंशांवर.

फ्रीज भरलेला असेल किंवा ऐन वेळी लाईट गेली तर बादली काढा. नुसत्या बर्फात बाटली खोचून उपयोग नाही, खड्यांच्या फटीत हवा राहते. अर्धं पाणी, अर्धा बर्फ आणि दोन मुठी जाडं मीठ. बाटली मानेपर्यंत बुडली पाहिजे. पांढरी वीस मिनिटांत तयार होते, लाल दहा-बारा मिनिटांत. आणि ग्लासात बर्फ कधीच नाही. तो वितळला की वाइनची चव पातळ होते.

ग्लास हुंगून बघा

खाली फुगीर आणि वर थोडा निमुळता, पातळ काचेचा, साधा ग्लास हवा. दांडा असला तर उत्तम, कारण दांड्याला धरलं की हाताची ऊब वाइनला लागत नाही. असे ग्लास नसतील तर चहाचे काचेचे ग्लासही चालतील, पण स्टीलचा पेला आणि कागदी कप नकोत. रंगही दिसत नाही आणि वासही साचत नाही.

मांडववाल्याकडून भाड्यानं आणलेले ग्लास रिकामे असतानाच हुंगा. पुठ्ठ्याचा, साबणाचा, ओल्या फडक्याचा वास त्यांना हमखास असतो, आणि मग पाहुणे बिचाऱ्या वाइनला नावं ठेवतात. गरम पाण्यातून काढायचे आणि धुवट सुती पंचानं पुसायचे, एवढं दहा मिनिटांचं काम आहे. घरातल्या मुलांना लावा, आवडीनं करतात.

ओतताना एक तृतीयांश ग्लास भरायचा. वरची रिकामी जागा वासासाठी असते. आपल्याकडे कमी ओतलं की यजमान कंजूस वाटतो, म्हणून आधीच सांगून टाका: "परत मिळणार आहे, पण आत्ता एवढंच."

बुचाची बाटली उघडताना बूच तुटलं तर घाबरू नका. उरलेला तुकडा आत ढकला आणि वाइन बारीक गाळणीनं जगमध्ये गाळून घ्या. चहाची गाळणी वापरणार असाल तर ती आधी उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर वाइनला चहापत्तीचा वास लागतो. फेसाळ बाटलीत ५ ते ६ वातावरणांचा दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. तार सोडवल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही, बाटली तिरपी आणि माणसांपासून दूर धरायची, बूच घट्ट पकडून बाटली फिरवायची. हलका 'फुस्' आवाज आला पाहिजे. बूच उडवून टाळ्या घ्यायच्या नादात डोळा जाऊ शकतो, आणि निम्मी वाइन फरशीवर जाते ती वेगळीच.

आता चाखायची

पहिल्यांदा बघा. पांढऱ्या टेबलक्लॉथवर किंवा साध्या कागदावर ग्लास तिरपा धरा. पांढरी वाइन फिक्या लिंबाच्या रंगापासून सोनेरीपर्यंत कुठेही असू शकते. लाल कोवळी असेल तर कडेला जांभळट झाक दिसते, जुनी होत जाईल तशी विटकरी. ग्लासच्या आतून संथ ओघळ उतरतात, त्यांवरून अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. इथे अर्धं मिनिट पुरे.

मग वास, आणि इथे मात्र थांबा. आधी न हलवता एकदा. मग ग्लासचा तळ टेबलावरच ठेवून, दांडा धरून, जात्याच्या खुंट्यासारखा लहान वर्तुळात तीन-चार वेळा फिरवा. हवेत फिरवायला गेलात तर शेजारच्या वैनींच्या साडीवर डाग पडेल. आता नाक ग्लासात घालून दोन-तीन छोटे श्वास घ्या. लांब श्वास घेतला की नाक लवकर थकतं.

काय वास येतोय हे पुस्तकातून शोधू नका. स्वतःच्या स्वयंपाकघरातून शोधा. सोव्हिन्यों ब्लांकमध्ये नेहमी मला चिरलेली ढबू मिरची आणि कापलेलं गवत येतं, मागून पेरू. हा भास नाही. ढबू मिरचीला तिचा वास देणारे पायराझिन नावाचे घटक या द्राक्षातही असतात. शेनिनमध्ये अननस, सफरचंद, कधी मध. कॅबर्नेला परदेशात ब्लॅककरंट म्हणतात. ते फळ आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नाही. खानापूरच्या रानातलं जांभूळ आणि करवंद म्हणा, अगदी चपखल बसतं. ओकच्या पिंपात ठेवलेल्या वाइनला व्हॅनिलाचा आणि सुक्या खोबऱ्याचा वास येतो, कारण ओकच्या लाकडात खोबऱ्यासारखा वास असलेले लॅक्टोन असतात. मटणाच्या वाटणासाठी खोबरं भाजताना घरभर जो वास सुटतो, तो आठवा. ज्याला जे आठवेल ते खरं, त्यावर हुज्जत घालू नये.

मात्र त्या खोलीत उदबत्ती नको, टेबलावर मोगऱ्याचे गजरे नकोत, आणि यजमानानं तरी अत्तर लावू नये. सिगारेट ओढणारे गच्चीच्या टोकाला.

तोंडात घेण्याआधी पाहुण्यांना मी एक खेळ करायला लावतो. प्रत्येकाला कुंद्याचा छोटा तुकडा द्यायचा. नाक चिमटीत घट्ट धरून तो तोंडात टाकायचा आणि चघळायचा. फक्त गोड लागतं, साखर आहे की कुंदा हे सांगता येत नाही. मग नाक सोडायचं. त्याच क्षणी भाजलेल्या दुधाचा, खव्याचा वास तोंडात उसळतो. आपण ज्याला चव म्हणतो तिच्यातला मोठा वाटा घशामागून नाकात चढणारा वास असतो, हे कुंदा एका क्षणात शिकवतो. त्यानंतर पाण्यानं चूळ भरायला विसरू नका, नाहीतर पुढची वाइन आंबटढाण लागेल.

आता मोठा घोट नाही, चमचाभर वाइन तोंडात घ्या. लगेच गिळू नका. पाच-सहा सेकंद सगळीकडे फिरू द्या, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. गरम चहा बशीतून फुरका मारून पिणाऱ्या माणसाला हे शिकवायला लागत नाही. आणि मग एकेक गोष्ट वेगळी काढा:

– आंबटपणा: गालांच्या आतून पाणी सुटतंय का? जितकं जास्त सुटेल तितकी आम्लता जास्त.
– तुरटपणा: हिरड्या आणि जीभ कोरडी, खरखरीत झाली का? सुपारी चघळल्यावर होते तशी. लालमध्येच हे ठळक कळतं.
– गोडी: फळाचा वास आणि गोडी यांत गल्लत होते. नाक धरून पुन्हा एक घोट घ्या. तरीही गोड लागली तरच साखर आहे.
– अल्कोहोल: गिळल्यावर छातीत ऊब येते ती.
– अंग: गाईचं दूध आणि म्हशीचं दूध तोंडात कसं वेगळं लागतं? तोच फरक हलक्या आणि भारदस्त वाइनमध्ये असतो.

गिळल्यावर घड्याळ बघा. चव दोन सेकंदांत विरली की दहा सेकंद रेंगाळली? रेंगाळत असेल आणि रेंगाळणं सुखाचं असेल, तर वाइन चांगली. पैशांवरून किंवा लेबलावरून ठरवण्यापेक्षा ही खूण कितीतरी भरवशाची.

चार-पाच प्रकार चाखायचे असतील तर थुंकण्याची सोय ठेवा. आपल्याकडे चारचौघांत थुंकणं अपमानाचं वाटतं, पण विडा खाणाऱ्यांच्या घरात पिकदाणी असायचीच की. एक उंच तांब्या ठेवा आणि यजमानानं पहिल्यांदा स्वतः वापरून दाखवावा, मग बाकीच्यांचा संकोच जातो. क्रम हलक्याकडून भारीकडे: आधी फेसाळ, मग पांढरी, मग लाल, गोड अगदी शेवटी.

हिशेब असा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास होतात, किंवा ६० चे बारा घोट. बारा माणसं आणि चार प्रकार असतील तर चार बाटल्या पुरतात. प्रत्येकाला सगळं मिळून २४० मिलिलिटर, म्हणजे दीड ग्लासाहून थोडं जास्त. याहून जास्त मागवायची मला तरी गरज दिसत नाही.

बाटली बिघडलेली असेल तर

पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कुबट वर्तमानपत्राचा वास आला तर बुचात दोष आहे. पांढरी वाइन तपकिरी झालीय आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी लागते, तर हवा लागलीय. शिरक्यासारखा किंवा नेलपॉलिशसारखा झणका, तोही दोषच. लाल वाइन शिजवलेल्या मुरंब्यासारखी लागली तर ती कुठेतरी तापलीय. हॉटेलात वेटर आधी थोडीशी ओततो ती हेच तपासायला. आवडली नाही म्हणून परत करायला नव्हे. एका हॉटेलात मी कुबट बाटली परत केली तेव्हा वेटर म्हणाला, "सर, वाइनचा वास असाच असतो." मी त्याला दुसरी बाटली उघडायला लावली आणि दोन्ही ग्लास त्याच्याच नाकाखाली धरले. त्यालाही पटलं. शांतपणे, आवाज न चढवता हे करता येतं.

संकेश्वरी मिरची आणि वाइन

आता खरी अडचण. आपलं पार्टीचं जेवण म्हणजे तांबडा रस्सा, मटण सुक्कं, जवारी कोंबडी, आणि त्यात संकेश्वरी मिरचीचं तिखट. अल्कोहोलनं तिखटाचा दाह वाढतो, आणि तुरट, जड लाल वाइननं तर तोंडाची आगच होते. "मटणाबरोबर लाल" हा नियम आपल्या तांबड्या रश्श्यापुढे टिकत नाही. तांबड्या रश्श्याबरोबर गार, किंचित गोडसर शेनिन द्या, किंवा गुलाबी. लाल द्यायचीच असेल तर कमी तिखटाच्या, मिरी-खोबऱ्याच्या सुक्क्या मटणाबरोबर शिराझ; मटणाच्या चरबीनं आणि प्रथिनांनी तुरटपणा मवाळ होतो.

पांढरा रस्सा आणि शेनिन ही जोडी मला सगळ्यात आवडते. नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा वाइनच्या आंबटपणानं सुटा होतो. वेंगुर्ला-गोव्याकडची सुरमई किंवा बांगडा रवा लावून तळला असेल, तर लिंबाच्या जागी सोव्हिन्यों ब्लांक. कांदाभजी, वडे, पापड, भाजलेले चंदगडचे काजू यांच्याशी फेसाळ वाइन. बुडबुडे आणि आंबटपणा तेल धुऊन काढतात. शाकाहारी ताटात शेंगदाण्याच्या कुटाचं भरलं वांगं असेल तर हलकी लाल चांगली लागते. लोणचं आणि चिंचेची चटणी मात्र वाइनचा घोट घेण्याआधी नको, आणि सोलकढी जेवणाच्या शेवटी, एकटीच.

गोडाचा नियम सोपा आहे: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. कुंदा, करदंट किंवा मांडे खाऊन वर ड्राय वाइन घेतलीत तर ती लिंबाच्या पाण्यासारखी लागेल. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची 'लेट हार्वेस्ट' शेनिन मिळाली तर कुंद्याबरोबर अर्धा ग्लास घेऊन बघा. नाही मिळाली तर कुंदा नुसताच खावा, त्याला कुणाची गरज नाही.

उपाशीपोटी सुरुवात करू नका. पोटात अन्न असलं की अल्कोहोल रक्तात सावकाश उतरतं. आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी.

आग्रह जेवणात, ग्लासात नाही

आपला पाहुणचार आग्रहावर उभा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण "एक घ्या की, काय होतंय!" हे वाइनच्या बाबतीत म्हणू नये. घरात कुणी माळकरी असतं, कुणाचा सोमवार, कुणाचा श्रावण. जैन मंडळी असतात. कुणी गरोदर असते, कुणी शुगरच्या किंवा झोपेच्या गोळ्यांवर असतं, आणि कुणी मोठ्या कष्टानं दारू सोडलेली असते. नको म्हटल्यावर कारण विचारायचं नाही. त्याच सुंदर ग्लासात कोकम सरबत किंवा द्राक्षाचा ताजा रस द्या. तो ग्लास हातात असला की माणूस बैठकीबाहेर पडत नाही.

बायकांना विचारताना त्यांच्याकडेच बघून विचारा, त्यांच्या नवऱ्याकडे बघून नाही. "वैनी, थोडी चाखणार का?" त्या हो म्हणोत की नाही, तेवढ्यावर विषय संपला पाहिजे. माझ्या अनुभवात वासातले बारकावे सगळ्यात आधी त्यांनाच सापडतात. रोज फोडणीच्या वासावरून मोहरी करपली की नाही हे ओळखणारं नाक आहे ते.

पाहुण्यानं बाटली भेट आणली तर ती त्याच रात्री उघडायचं बंधन यजमानावर नसतं. पाहुण्यानंही रुसू नये.

आणि "वाइन म्हणजे काय, सरबत" हा समज सोडून द्या. १३ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये जवळजवळ ४५ मिलिलिटर रमइतकंच अल्कोहोल असतं. ती हृदयाला चांगली असते म्हणून कुणाला पाजू नका. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. ज्याला चव आवडते त्यानं थोडी, चवीसाठी घ्यावी.

सीमाभागातले नियम

आपल्याकडे तासाभरात राज्य बदलतं, म्हणून हे नीट वाचा. कर्नाटकात २१ वर्षांखालच्या कुणाला दारू विकता येत नाही, घरी आलेल्या कॉलेजच्या मुलांनाही देऊ नका. गोव्यात बाटली स्वस्त मिळते म्हणून चोर्ला घाटानं चार बाटल्या डिकीत टाकून आणणं, किंवा निपाणीहून कोल्हापूरकडे नेणं, परवान्याशिवाय करू नका. राज्याची हद्द ओलांडली की तो अबकारी खात्याचा गुन्हा होतो, आणि बाटल्यांबरोबर गाडीही अडकू शकते. घराबाहेर, हॉलमध्ये किंवा फार्महाउसवर कार्यक्रम असेल तर अबकारी खात्याकडून त्या प्रसंगापुरता सीएल-५ परवाना आधी काढा.

गाडी चालवणाऱ्यानं एक घोटही घेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. पण दंडापेक्षा मला जांबोटीच्या रस्त्यावरचं रात्रीचं धुकं आणि वळणं जास्त भीतीदायक वाटतात. गाद्या घाला, मंडळींना ठेवून घ्या, सकाळी पोहे खाऊन जाऊ द्या.

उरलेली बाटली

उघडी बाटली रात्रभर टेबलावर ठेवू नका. बूच किंवा झाकण घट्ट लावून, उभी, फ्रीजमध्ये. लाल असली तरी फ्रीजमध्येच, पिताना अर्धा तास आधी काढायची. पांढरी दोन-तीन दिवस, लाल तीन-चार दिवस चांगली राहते. फेसाळ दुसऱ्या दिवशीच संपवायची. बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहा, नाहीतर आठवड्यानं कुणालाच आठवत नाही. न उघडलेली बुचाची बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. जागा कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, अंधारात. फ्रीजच्या डोक्यावर, गॅसशेजारी किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका.

चार दिवसांनी लाल वाइन आंबूस झाली असेल तर मटण मुरवताना आलं-लसणाच्या वाटणात अर्धी वाटी घाला, दह्याचं प्रमाण तेवढं कमी करा आणि मटण नेहमीसारखं मंद आचेवर शिजवा. पाहुण्यांना वाढताना मात्र त्यात वाइन आहे हे आधी सांगा, शिजल्यावरही ती पूर्ण उडून जात नाही.